माओरी वार्धक्य आणि चार भिंतींचे घर

न्यूझीलंडमधील माओरी समाजाच्या सभाप्रांगणात, म्हणजे 'मराए'मध्ये, पाहुण्यांना थेट आत जाता येत नाही. ते वेशीपाशी थांबतात. मग समोरच्या सभागृहाच्या ओसरीतून एका स्त्रीचा दीर्घ, उंच स्वर येतो. 'करंगा' म्हणतात ती ही हाक. आलेल्या पाहुण्यांचे, त्यांच्यासोबत आले असे मानल्या जाणाऱ्या मृत पूर्वजांचे आणि येण्यामागच्या कारणाचे स्मरण त्या हाकेत असते. ती स्त्रीनेच द्यायची, शक्यतो वयाने आणि अधिकाराने मोठ्या स्त्रीने, असा संकेत आहे. ती ऐकू येईपर्यंत पाहुण्यांचे पाऊल पुढे पडत नाही. हाक देणारी अनेकदा सत्तरी ओलांडलेली असते. गुडघे आखडलेले, मधुमेहाने दृष्टी अधू झालेली, कोपराला धरून एखादी नात उभी. रुग्णालयाच्या कागदावर हीच स्त्री 'मधुमेह, संधिवात, चालण्यास मदत आवश्यक' एवढ्या नोंदीपुरती उरते. जिच्यावाचून मराएवर स्वागत होत नाही, ती शुश्रूषागृहात केवळ एक परावलंबी वृद्धा ठरते. या दोन ओळखींमधले अंतर कसे मिटवावे, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये गेली चार दशके वेगवेगळ्या रूपांत पुढे येत आहे.

माओरी भाषेत ज्येष्ठांना 'कौमातुआ' म्हणतात. वृद्ध स्त्री ती 'कुइआ' आणि वृद्ध पुरुष तो 'कोरोउआ'. मात्र केवळ वय वाढले म्हणून कोणी कौमातुआ होत नाही. समाजाने त्या व्यक्तीला तसे मानावे लागते. वंशावळी मुखोद्गत असणे, मराएवरील भाषणाचे संकेत ठाऊक असणे, भांडण मिटवण्याचा अधिकार असणे, अंत्यविधीत कोणते गीत केव्हा गायचे याची जाण असणे, या सगळ्यांतून ते स्थान येते. मानसोपचारतज्ज्ञ सर मेसन ड्यूरी यांनी १९९०च्या दशकात माओरी वार्धक्याचा अभ्यास करताना एका गोष्टीकडे लक्ष वेधले. पाश्चात्त्य समाजात निवृत्तीनंतर माणसाची जबाबदारी कमी होत जाते. माओरी समाजात ती वाढते. कुटुंब ज्येष्ठांना सांभाळते आणि ज्येष्ठ कुटुंबाची प्रतिष्ठा सांभाळतात, असा हा परस्परांचा व्यवहार आहे. शरीर थकले तरी मराएवरचे स्थान जात नाही. उलट त्या स्थानावर बसण्यासाठी थकल्या शरीराला उचलून आणले जाते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. ज्यांना परंपरेची भाषा आणि विधी नीट येतात असे ज्येष्ठ आता थोडे उरले आहेत. त्यामुळे जे आहेत त्यांच्यावर ताण पडतो. या आठवड्यात एक अंत्यविधी, पुढल्या आठवड्यात दुसरा, मध्येच शाळेचे उद्घाटन, सरकारी बैठकीची प्रार्थना, घरी नातवंडांचा सांभाळ. मान मिळतो, पण विश्रांती मिळत नाही. कौमातुआंच्या आरोग्याचा विचार करताना त्यांच्या सन्मानाचे गोडवे गाणारे बरेचसे लेखन ही गोष्ट विसरते.

पासष्टाव्या वर्षाचे दार

न्यूझीलंडच्या कल्याणकारी व्यवस्थेत ६५ हे वय फार महत्त्वाचे आहे. त्या वयापासून सर्वांना सरकारी निवृत्तिवेतन मिळते. त्याच वयावर अपंगत्वाची मदत आणि वार्धक्याची मदत यांची सरकारी दारे वेगळी होतात. पासष्टीच्या आत दीर्घकालीन अपंगत्व आले तर एक यंत्रणा, पासष्टीनंतर आले तर आरोग्यखात्याची दुसरी. आणि इजा अपघाताने झाली असेल तर अपघात भरपाई महामंडळ ही तिसरी. एकाच घरातील दोन भावांपैकी एक जिन्यावरून पडला आणि दुसऱ्याला अर्धांगवायू झाला, तर त्यांना वेगवेगळ्या खिडक्यांपाशी उभे राहावे लागते आणि मिळणारी मदतही सारखी नसते.

माओरींच्या बाबतीत हे वय आणखी जाचक ठरते. २०१७ ते २०१९ या काळातील सरकारी आकडेवारीनुसार माओरी पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ७३.४ वर्षे आणि माओरी स्त्रियांचे ७७.१ वर्षे होते. माओरीतर पुरुषांचे ८०.९ आणि स्त्रियांचे ८४.४. म्हणजे अंतर सात वर्षांहून अधिक. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार माओरींना तुलनेने लवकर गाठतात. परिणामी जे परावलंबित्व इतरांना सत्तरीत येते, ते माओरी माणसाला साठीच्या आतच येऊ शकते. ५० ते ६४ वयोगटातील ज्यांची गरज वृद्धांसारखीच आहे, त्यांना वार्धक्यसेवेचा लाभ देण्याची सोय नियमात आहे. परंतु ती सोय आहे हे ठाऊक असणे, त्यासाठी मूल्यमापन करून घेणे आणि कागदपत्रांचा पाठपुरावा करणे हे सगळे आजारी माणसाने किंवा त्याच्या मुलीने करायचे असते.

आयुर्मानातील ही तफावत संशोधकांनाही टाळता आली नाही. अतिवृद्धांच्या जीवनाचा मोठा अभ्यास २०१० मध्ये बे ऑफ प्लेंटी आणि रोटोरुआ परिसरात सुरू झाला. त्यात ५१६ माओरीतर व्यक्ती घेण्यात आल्या, त्या सर्व ८५ वर्षांच्या. माओरींमध्ये मात्र त्या एकाच वयाच्या पुरेशा व्यक्ती मिळणे शक्य नव्हते. म्हणून वयोमर्यादा ८० ते ९० अशी रुंदावण्यात आली आणि ४२१ माओरी ज्येष्ठ सहभागी झाले. अभ्यासाची रचना ठरवतानाच विषमतेची नोंद झाली होती. अभ्यासात काय विचारावे आणि कसे विचारावे हे पाहण्यासाठी माओरी ज्येष्ठांचे स्वतंत्र मार्गदर्शक मंडळही नेमण्यात आले होते, हे विशेष.

अपंगत्वाची स्थितीही अशीच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अपंगत्व पाहणीत माओरींपैकी २६ टक्के लोकांना कोणते ना कोणते अपंगत्व असल्याचे दिसले. माओरी लोकसंख्या तरुण असल्याने हा आकडा फारसा मोठा वाटत नाही. वयाचा फरक हिशेबात धरला की तो ३२ टक्क्यांवर जातो, तर एकंदर लोकसंख्येचे प्रमाण २४ टक्के राहते. त्यातही अनेक कौमातुआ स्वतःला अपंग म्हणवून घेत नाहीत. डोळ्यांनी दिसत नाही, ऐकू येत नाही, पाय गेला आहे. पण 'अपंग' हा शब्द आपला नाही, असे त्यांना वाटते. तो शब्द माणसाला त्याच्या माणसांपासून तोडून एकटा उभा करतो. म्हणून अलीकडच्या काळात माओरी अपंग व्यक्तींनीच पुढाकार घेऊन 'फाइकाहा' हा शब्द रूढ केला. 'सामर्थ्य असणे' असा त्याचा साधारण अर्थ. २०२२ मध्ये स्थापन झालेल्या अपंग व्यक्तींच्या मंत्रालयाने तोच शब्द नावात घेतला. शब्द बदलल्याने पेन्शन वाढत नाही हे खरे; पण ज्या शब्दाची लाज वाटते त्या शब्दाच्या रकान्यात माणूस सही करत नाही, आणि सही नाही तर मदतही नाही, हेही तितकेच खरे.

अविश्वासाची मुळे

ज्येष्ठ माओरी माणूस रुग्णालयात गप्प का राहतो, 'मी बरा आहे' असे का म्हणतो, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात तह झाला. त्यानंतरच्या दशकांत युद्ध, जप्ती आणि खरेदी या मार्गांनी माओरींची बहुतांश जमीन हातची गेली. १८६७ च्या कायद्याने सुरू झालेल्या शाळांत इंग्रजीचा आग्रह होता आणि पुढे मातृभाषेत बोलणाऱ्या मुलांना छड्या बसत. १९०७ च्या कायद्याने पारंपरिक वैद्य व पुरोहितांच्या उपचारांवर बंदी आली. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माओरींचा मृत्युदर युरोपीय वंशाच्या लोकांच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुसंख्य माओरी गावांत राहत होते. नंतरच्या दोन-तीन दशकांत कामासाठी ते शहरांत आले आणि मराए मागे राहिले.

आज जे ऐंशीच्या घरात आहेत, ते या स्थलांतराच्या पिढीचे आहेत. त्यांच्यातील काहींना मातृभाषा अस्खलित येते. काहींच्या आईवडिलांनी मात्र मुलांना मार बसू नये म्हणून घरात ती बोलणेच सोडले. त्यामुळे प्रत्येक माओरी ज्येष्ठ माओरी बोलतो, प्रार्थना म्हणतो, त्याला परंपरेची सारी माहिती असते, असे गृहीत धरणे ही उलट दिशेची चूक ठरते. भाषा न येण्याची लाज काही जण म्हातारपणापर्यंत वागवतात. शुश्रूषागृहात नव्याने आलेल्या अशा वृद्धापुढे उत्साहाने माओरी गीत सुरू केले, तर त्याच्या मनाला सुखापेक्षा टोचणीच अधिक लागेल. आधी विचारावे लागते.

१९८२ मध्ये सुरू झालेल्या 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेच्या घरट्यांत, त्या बालवाड्यांत, ज्येष्ठांनाच बोलावले गेले, कारण भाषा त्यांच्याच तोंडी उरली होती. आजीआजोबांनी नातवंडांशी बोलत राहणे हीच तिथली शिक्षणपद्धती. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली, त्यामागे या वृद्धांचे श्रम होते. लहानपणी ज्या भाषेसाठी हातावर वळ उठले, तीच भाषा वाचवण्यासाठी उतारवयात त्यांना बोलावणे आले.

चार भिंती

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेसन ड्यूरी यांनी आरोग्याची एक साधी प्रतिमा मांडली. मराएवरील सभागृह चार भिंतींवर उभे असते. माणसाचे आरोग्यही तसेच. 'ताहा तिनाना' ही शरीराची भिंत, 'ताहा हिनेंगारो' ही मनाची, 'ताहा वाइरुआ' ही आत्मिक, आणि 'ताहा फानाउ' ही विस्तारित कुटुंबाची. एक भिंत खचली की छप्पर कलते. ही कल्पना पुढे न्यूझीलंडच्या शाळांत, परिचारिका प्रशिक्षणात आणि सरकारी धोरणांत सर्वत्र पोहोचली. इतकी, की आता ती अनेक कार्यालयांच्या भिंतीवर चित्र म्हणून टांगलेली असते आणि खाली तेच जुने अर्ज भरून घेतले जातात.

प्रत्यक्षात तिचा अर्थ किती बारीकसारीक गोष्टींत उतरतो, ते पाहण्यासारखे आहे. माओरी विचारात 'तापू' म्हणजे पवित्र, वर्ज्य, जपून हाताळायचे. आणि 'नोआ' म्हणजे नित्याचे, मोकळे. डोके हे शरीरातील सर्वाधिक तापू अंग. म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली वा पाठीमागे देत नाहीत. काही रुग्णालयांत डोक्याच्या उशीचा अभ्रा वेगळ्या रंगाचा ठेवतात, तो यासाठी. डोक्याला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यायची. जेवणाचे ताट डोक्यावरून पलीकडे द्यायचे नाही. ज्या टेबलावर जेवण येते त्यावर शौचाचे भांडे वा लघवीची बाटली ठेवायची नाही, त्यावर बसायचे नाही. भांडी पुसायचे फडके आणि अंगाचे कपडे एकत्र धुवायचे नाहीत. मधुमेहामुळे पाय कापावा लागला, तर त्या अवयवाचे काय करायचे हे कुटुंबाला विचारायचे. तो परत नेऊन पूर्वजांच्या भूमीत पुरण्याची इच्छा असू शकते. यातील एकाही गोष्टीला फारसा खर्च नाही. यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती सवय, आणि ती सवय आवश्यक आहे असे मानणारा पर्यवेक्षक.

उच्चारांचेही तसेच. माओरीतील जी अक्षरजोडी इंग्रजी वाचणारा 'व्ह' वा 'व' अशी वाचतो, तिचा उच्चार बहुतेक ठिकाणी 'फ'च्या जवळचा होतो. ज्या माणसाने शाळेत आपले नाव मोडून इंग्रजी झालेले पाहिले, त्याला उतारवयात तेच नाव दररोज सकाळी औषधाच्या गोळीसोबत चुकीचे ऐकावे लागणे, ही किरकोळ बाब नव्हे.

या सर्वांना सैद्धांतिक पाया दिला तो इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने. 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही तिची कल्पना. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या परिचारिका परिषदेने ती शिक्षणाचा भाग केली. तिचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या रीतिरिवाजांची यादी पाठ करणे पुरेसे नाही. परिचारिकेने आधी स्वतःच्या मनातील समजुती आणि स्वतःच्या हातातील सत्ता ओळखावी. दिलेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा देणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने ठरवावे. १९९०च्या दशकाच्या मध्यास या कल्पनेवर वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले; परिचारिकांना राजकारण शिकवले जाते, असा आक्षेप होता. रॅम्सडेन २००३ मध्ये निवर्तल्या. त्यांची कल्पना मात्र आज इतर अनेक देशांच्या आरोग्यशिक्षणात पोहोचली आहे.

भारतीयांशी तिचा संबंध थेट आहे. न्यूझीलंडमधील वृद्धशुश्रूषागृहांत फिलिपाइन्स, भारत आणि फिजी येथून आलेल्या परिचारिका व सेविकांचा भरणा मोठा आहे. म्हणजे माओरी आजीच्या उशाशी रात्रपाळीला असलेली व्यक्ती बहुधा स्वतःही घर सोडून आलेली, परभाषेत काम करणारी असते. ती चौकशी करते, 'आजी' म्हणावे तशा मायेने हात धरते, तेव्हा काही वेळा स्थानिक कर्मचाऱ्यापेक्षा लवकर जवळीक होते. पण उशीचा आणि टेबलाचा संकेत तिलाही कोणी सांगावा लागतो.

स्मृतिभ्रंशात तर भाषेचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. माओरीत या विकाराला 'माते वारेवारे' म्हणतात, विसरण्याचा आजार. दोन भाषा बोलणारा माणूस या आजारात नंतर शिकलेली भाषा आधी गमावू शकतो. साठ वर्षे इंग्रजीत नोकरी केलेला कोरोउआ एके दिवशी बालपणीच्या भाषेत पाणी मागू लागतो आणि ते कोणाला कळत नाही. मग तो 'अस्वस्थ, असहकार्य करणारा' अशी नोंद होते. माकारेना डडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक कौमातुआंशी बोलून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विसरण्याकडे ज्येष्ठ कसे पाहतात, हे त्यात त्यांच्याच शब्दांत आले. आत्मिक बाजू त्यात महत्त्वाची होती, आणि गीत, नृत्य, प्रार्थना अशा गोष्टी औषधासारख्या उपयोगी पडतात असे त्यांचे सांगणे होते. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या ज्या शाळा-संस्कृतीत तयार झाल्या, त्या संस्कृतीबाहेर वाढलेल्या माणसाला त्यांत कमी गुण मिळणे स्वाभाविक आहे. म्हणून माओरींसाठी स्वतंत्र चाचणी घडवण्याचे काम हाती घेण्यात आले.

फानाउ पाहील?

माओरी ज्येष्ठ शुश्रूषागृहांत तुलनेने कमी दिसतात. 'त्यांचे कुटुंब, त्यांची फानाउ, त्यांना पाहते' असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. घरी ठेवण्याची इच्छा प्रबळ असते हे निश्चित. परंतु ज्या संस्थेत आपल्याला कोणी ओळखणार नाही तिथे न जाणे, हा नेहमीच आनंदाने केलेला निर्णय नसतो. शिवाय घरी पाहणारी व्यक्ती म्हणजे बहुधा एक मुलगी किंवा सून, जी त्यासाठी नोकरी सोडते वा अर्धवेळ करते. लाखाहून अधिक माओरी आज ऑस्ट्रेलियात आहेत. सिडनी-ब्रिस्बेनला गेलेली मुले पैसे पाठवू शकतात, रात्री उठून आईला कूस बदलून देऊ शकत नाहीत. कुटुंबाच्या संस्कृतीचा गौरव करून राज्यसंस्थेने आपला हात आखडता घेण्याची ही युक्ती जगात अनेक ठिकाणी दिसते, न्यूझीलंडही तिला अपवाद नाही.

अपंग नातेवाइकाची काळजी घेणाऱ्यांना मोबदला मिळावा, म्हणून पालकांचा एक गट न्यायालयात गेला. बाहेरच्या माणसाला त्याच कामाचे पैसे मिळतात आणि नात्यातल्या माणसाला नाहीत, हा भेदभाव आहे, असा निवाडा मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१० मध्ये दिला आणि अपील न्यायालयाने २०१२ मध्ये तो उचलून धरला. त्यावर २०१३ मध्ये सरकारने मर्यादित मोबदला देणारा, परंतु पुढील दाद मागण्याचा मार्ग अरुंद करणारा कायदा केला. तो २०२० मध्ये मागे घेण्यात आला. खटला केवळ माओरींचा नव्हता. पण ज्या समाजात काळजी घेणारा हात जवळजवळ नेहमी नात्यातलाच असतो, तिथे त्याचे मोल अधिक.

माओरींनी आपल्या परीने उभारलेल्या संस्थांकडे पाहिले की दुसरी वाट दिसते. अनेक मराएंच्या आवारात वा शेजारी ज्येष्ठांसाठी छोटी घरे बांधलेली आहेत. स्वयंपाकघराचा धूर आणि मुलांचा गलका ऐकू येईल इतक्या अंतरावर. हॅमिल्टनमधील राउआवाआवा ही ज्येष्ठांसाठीची न्याससंस्था आरोग्यसेवा, भेटीगाठी आणि ज्येष्ठांच्या क्रीडास्पर्धा एकाच ठिकाणी चालवते. वाइकाटो विद्यापीठाबरोबर तिने केलेला एक प्रयोग लक्षणीय आहे. जोडीदार गेला, घर बदलावे लागले, आजार आला, अशा वळणांवर ज्येष्ठांना मार्गदर्शन करण्यासाठी दुसऱ्या ज्येष्ठांनाच तयार करण्यात आले. मोठ्या भावंडाने धाकट्याला सांभाळण्याच्या 'तुआकाना-तेइना' या नात्यावर हा प्रयोग बेतला होता. समुपदेशकाच्या खोलीत जे बोलले जात नाही, ते चहाच्या टेबलावर बोलले जाते.

सरकारी पातळीवर मात्र पाऊल पुढे आणि मागे असा प्रवास आहे. व्यक्तीऐवजी कुटुंबाला एकक मानणारी 'फानाउ ओरा' योजना २०१० मध्ये तारियाना तुरिया यांच्या पुढाकाराने आली. माओरी अपंगांसाठी पहिली कृतियोजना २०१२ मध्ये. शुश्रूषागृहांना बंधनकारक असलेल्या नव्या सेवामानकांत वाइतांगी तहाची जबाबदारी नोंदवली गेली आणि ती २०२२ पासून लागू झाली. त्याच वर्षी स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण सुरू झाले. सरकार बदलले, आणि २०२४ मध्ये ते विसर्जित करण्यात आले. फाइकाहा मंत्रालयाकडील प्रत्यक्ष सेवांचे कामही २०२४ मध्ये समाजविकास मंत्रालयाकडे गेले. माहिती फलकावरची नावे बदलत राहतात आणि साठीतला अर्धांगवायूचा रुग्ण नव्या नावाचा अर्ज शोधत राहतो.

अखेरचा प्रसंगही या शुश्रूषेचाच भाग मानला जातो. मरणासन्न कौमातुआभोवती कुटुंब जमते, कधी वीस-पंचवीस माणसे. दोनच नातेवाइकांना परवानगी असलेल्या खोलीत ते कसे मावायचे, हे व्यवस्थापकाला आधीच ठरवावे लागते. प्राण गेल्यानंतर देह एकटा ठेवत नाहीत. तो लवकरात लवकर कुटुंबाच्या स्वाधीन व्हावा लागतो, कारण मराएवर 'तंगीहंगा' म्हणजे शोकविधी साधारण तीन दिवस चालतो आणि तिथे दूरदूरची माणसे वाट पाहत असतात. देह नेल्यावर खोलीत प्रार्थना म्हणून पाणी शिंपडतात आणि ती पुन्हा 'नोआ' होते. तोवर त्या पलंगावर दुसऱ्या कोणाला आणायचे नाही, जेवणाची गाडी तिथून न्यायची नाही. कुठल्या शुश्रूषागृहात यासाठी तासभर मिळतो आणि कुठे प्रतीक्षायादीचे कारण सांगून खोली लगेच मागितली जाते, हे कुटुंबे एकमेकांना सांगतात. पुढच्या आजीआजोबांना कुठे ठेवायचे, हे मग त्यावरून ठरते.